एका खात्यावर दोन घरं

फोन आला तेव्हा आमच्या लातूरच्या घरात गाणं चालू होतं. सकाळचे पावणेसात. नांदेडहून शकिलाभाभी बोलत होत्या. आक्काच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागलेलं घर, तीसेक वर्षांचा शेजार, आणि आक्काच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. "भाई, आपा उठ नै रहे," त्या म्हणाल्या. "मैं अंदर आ को देखी. हात ठंडा लगरा. तुम आव जल्दी." मी बरं म्हणालो. माझी बायको छाया ओट्यापाशी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गॅस बंद केला. गाणं बंद करायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गाडी अहमदपूरच्या पुढं गेल्यावर छाया म्हणाली, "ते वाजतच राहिलं असंल बघा घरात."

त्याला आता दीड महिना होत आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. वय बहात्तर. आमचं गाव बिलोली तालुक्यातलं. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, मायही. गावातून नर्सिंगला गेलेली आक्का आमच्या वस्तीतली पहिलीच. नोकरी लागल्यावर तिनं मला नांदेडला आणलं, एका खोलीत आम्ही दोघं राहिलो आणि तिथूनच मी आयटीआय केलं, वीज मंडळात लागलो. ड्यूटीवरून आली की ती बूट उंबऱ्याबाहेर काढायची, हातपाय धुवायची आणि मगच तोंड उघडायची. वॉर्डातला आवाज घरात आणायचा नाही असा तिचा नियम होता, पण तो तिला कधीच पाळता आला नाही. "झोपलास का? बस उठून. पाठ सरळ." घरातल्या माणसाशीही ती पेशंटशी बोलल्यासारखीच बोलायची. पुढे लग्न झालं, मीनल झाली. मीनल शाळेत असतानाच भाऊजी गेले आणि आक्कानं नाइट ड्यूट्या करत तिला इंजिनिअर केलं. मीनल आता हैदराबादला असते. या सगळ्या वर्षांत आक्काला मी कधी बसून गाणं ऐकताना बघितलं नाही. तिच्याकडे तेवढा वेळच नव्हता.

आमच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं. ते का, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माय शेवटी माझ्याकडे, लातूरला होती. एका पावसाळ्यात तिला दम लागायला लागला म्हणून दवाखान्यात नेलं. आठच दिवसांपूर्वी आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला प्रवास नको, धक्का नको, म्हणून मी कळवलं नाही. हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण, आणि ते खोटं नाही. पण दुसरंही एक कारण होतं. आक्का आली असती तर तिनं सगळं हातात घेतलं असतं, सलाईनचा वेग बघितला असता, डॉक्टरांना प्रश्न विचारले असते आणि मला आधी का आणलं नाहीस म्हणून चारचौघांत झापलं असतं. ते मला नको होतं. माय बरी होऊन घरी आली की सांगू, असं मी ठरवलं. चौथ्या दिवशी पहाटे माय गेली. आक्का डोळ्याला काळा चष्मा लावून आली. मायच्या पायाला हात लावला, मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तीन दिवस होते तुझ्याजवळ." त्यानंतर ती बोलली नाही, आली नाही. राखीला नाही, आमच्या पोरीच्या लग्नाला नाही. मी दोनतीनदा फोन केला, तो शकिलाभाभींनी उचलला.

मग तिचे डोळे गेले. काचबिंदू. पूर्ण अंधार नव्हता, पण पेपर वाचता येईना, टीव्हीवरची माणसं दिसेनात. मीनलनं हैदराबादहून, तोंडी सांगितलं की गाणी वाजवतो तसला स्पीकर पाठवला, घरात वायफाय बसवून घेतलं, आणि फोनवरून आईला सांगून सांगून थकली. शेवटी तिनं मला फोन केला. "मामा, तुम्ही जाऊन जोडून द्या. तुमच्याकडे हाय तसलाच हाय. आई काही बोलायची न्हाई तुम्हाला." आमच्याकडे होता खरा. मी निवृत्त झालो तेव्हा सोबतच्यांनी दिलेला. मी म्हणालो, ती दार तरी उघडेल का? मीनल म्हणाली, "तुम्ही वीज मंडळाचे. मीटर बघायला आलो म्हणा."

आक्कानं दार उघडलं. आवाजावरून ओळखलं असणार, पण बोलली नाही. पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पलंगावर जाऊन बसली. मी खिडकीजवळच्या बोर्डात स्पीकर लावला. वरचं दिव्याचं कडं नारंगी फिरू लागलं. तिच्या घरातलं वायफाय माझ्या फोनवर घेतलं, स्पीकरला दिलं, कडं निळं झालं. इथवर सोपं होतं. पुढं गाण्यांचं खातं मागू लागला. मीनलकडे नव्हतं, आक्काकडे असायचा प्रश्नच नाही. मी माझंच खातं जोडलं. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. फोनवरच्या यादीत आमच्या स्पीकरच्या 'लातूर हॉल' या नावाखाली नवीन नाव टाकायचं होतं, तिथं 'आक्का नांदेड' असं लिहिलं. मग प्रश्न आला की आता याला सांगायचं कसं. त्याला मराठी धड समजत नाही, हिंदी समजते. मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "कोणाला काही ऐकायचं असंल तर हिंदीत सांगायचं." आक्कानं खोलीत तिसरंच कुणी बसलंय अशा थाटानं मान फिरवली आणि स्पीकरला म्हणाली, "ए बाई, बुद्धवंदना लगाव." बाई म्हणाली, समझ नहीं पाई. आक्कानं वॉर्डातला आवाज काढला. "कान में क्या डाली गे? बुद्धवंदना!" आणि लागली की वंदना. आक्का हात जोडून बसली. मी पिशवी उचलली आणि निघालो. परतीच्या वाटेवर लोहा गाव येईपर्यंत मला एकच समाधान होतं, जोडणी नीट झाली.

एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चहा घेत नेहमीसारखी जुनी गाणी लावली आणि एका अंतऱ्यात ती तुटली. परत लावली. दोन मिनिटांनी परत बंद. नेट गेलं असेल म्हणून वायर हलवून बघितली, पुन्हा लावली. पुन्हा बंद. असं पाचसहा वेळा झालं आणि फोन वाजला. चार वर्षांनी माझ्या फोनवर आक्काचं नाव.

"मिलिंद," ती म्हणाली, "माझी वंदना कशाला बंद करून राहिला रे तू?"

"मी? आक्का, मी कशाला..."

"मीनलनं सांगितलं. तू तिकडं लावलास की माझं हितं बंद पडतंय. पंचशील चालू हाय, अन् मधीच बंद! देवाधर्माचं न्हाई, निदान वयाचं तरी बघ."

मी म्हणालो, माझंही बंद पडतंय. ती म्हणाली, "पडू दे. मी मोठी हाय." आणि फोन ठेवून दिला. छाया दारात उभी राहून हसत होती. मी मात्र बराच वेळ तो फोन हातात धरून बसलो. बोलणं सुरू झालं होतं, आणि ते भांडणानं झालं हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं.

मीनलनं मग उपाय सांगितला. पूर्ण कुटुंबाला चालते ती योजना घ्यायची म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी वाजतं. मी आक्काला तसं विचारलं. ती म्हणाली, "कशाला? चालू हाय की." थोडं थांबून म्हणाली, "तुझं बंद पडलं की समजायचं, मी उठले." मग तेच चालू राहिलं. मी सहाला लावायचो, पाचदहा मिनिटांत ते तुटायचं, छाया म्हणायची, "उठल्या आक्का," आणि मी अंघोळीला जायचो. वंदनेनंतर ती भीमगीतं ऐकायची, कधी कव्वाली. आठवड्यातून दोनतीनदा फोन व्हायचा, तोही तक्रारीचाच. स्पीकरमधली ती बाई भीमगीत म्हटलं की काहीतरी भलतंच लावते, काल दुपारी कुणी लावलं होतं मधीच, छाया असंल तर तिला म्हणावं तीनपर्यंत थांब, माझं ऐकणं चालू असतंय.

मागच्या दिवाळीच्या आगेमागे मी नांदेडला गेलो होतो. दुपारची वेळ. तिनं वरण-भात केला होता, अंदाजानं, पण मीठ बरोबर होतं. जेवून मी लवंडलो, तशी पलंगावरून ती म्हणाली, "माय शेवटी काय बोलली रे?"

या प्रश्नाची मला माय गेल्यापासून भीती वाटत होती. छायालाही मी सांगितलं नव्हतं. मी उठून बसलो आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मायनं मला जवळ बोलावलं होतं, 'मोठीला सांगितलास का?' असं विचारलं होतं.

"अन् तू काय म्हणलास?"

"निघाली म्हणलो. लोह्याच्या पुढं आली म्हणलो."

पंखा फिरत होता... मला वाटलं, आता ती उठून दार उघडेल आणि बाहेर हो म्हणेल. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. तिला त्यातून तसंही दिसत नव्हतं.

"मग ती काय म्हणली?"

"तिला भाकर ठेवा म्हणली."

"हं..." आक्का म्हणाली. मग पाय वर घेऊन बसत, "मी पण लई जणाला सांगितलंय तसं. पोरगा निघालाय, स्टँडवर उतरलाय, येऊनच राहिला. पेशंटला सांगावंच लागतं." आणि मग, "पण मला कळवायला पाहिजे होतं मिलिंद तू. मी तुला काही बोलले नसते." ती बोलली असती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी हो म्हणालो. तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी गाडीत बसवायला ती शकिलाभाभींचा हात धरून रस्त्यापर्यंत आली होती, एवढं मी बघितलं.

आता त्या सकाळविषयी. मी सहाला गाणी लावली. ती तुटली नाहीत. एक झालं, दुसरं झालं, पुढची लागली. नांदेडचं नेट मधून मधून जायचं, तसंच काही असेल असं वाटलं. फोन करावा असं मनात आलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत सकाळी एकही गाणं पुरतं ऐकायला मिळालं नव्हतं, ते मिळत होतं. दुसरा चहाही मी मागून घेतला. डॉक्टर नंतर म्हणाले, पहाटे चारच्या सुमाराला झोपेतच गेल्या, त्रास झाला नसावा. म्हणजे सहाला फोन केला असता तरी काही बदललं नसतं. हे हिशेबानं बरोबर आहे. तरीही ती पाऊण तासाची गाणी मी ऐकली, आणि आवडीनं ऐकली, हे इथं लिहून ठेवावंसं वाटलं.

पुण्यानुमोदनाला तिच्या सोबतच्या निवृत्त नर्सा आल्या होत्या. एकजण म्हणाली, सुमन सिस्टरनं मला हाताला शीर सापडेपर्यंत एका जागी उभं केलं होतं, आता माझी नात शिकतेय तर तिलाही मी तसंच करते. माणसं जेवून गेली. मीनलची रजा संपली, ती हैदराबादला जाऊन परत आली. गेल्या आठवड्यात ती आणि मी घर आवरायला बसलो. छायाचे गुडघे धरलेले, म्हणून ती लातूरलाच थांबली होती. मीनल शकिलाभाभींकडे भांडी द्यायला गेली आणि मी खोलीत एकटा राहिलो. गादी गुंडाळून ठेवलेली, पलंगाच्या पट्ट्या उघड्या. खिडकीजवळ तो स्पीकर तसाच लावलेला होता. मी खातं काढून घ्यायला फोन उघडला. यादीत दोन नावं होती. दुसऱ्या नावापुढं 'काढून टाका' असं येत होतं. आधी चालतोय का बघू म्हणून मी त्याला बुद्धवंदना लावायला सांगितली. पहिल्याच सांगण्यात त्यानं लावली.

अर्ध्या मिनिटात छायाचा फोन आला.

"कुठं हाव तुम्ही?"

"आक्काच्या खोलीत. का?"

मी पुन्हा विचारलं.

"काही न्हाई... भाकरी करून राहिले होते, गाणं लावून. ते बंद पडलं," ती म्हणाली. "मी म्हणलं, आक्का उठल्या."

मी तिला सांगितलं, मी लावलंय, बघायला म्हणून. आता काढतोच आहे.

"नका काढू लगेच," छाया म्हणाली. "होऊ द्या वंदना पुरी. मी तवा उतरवते."

वंदना संपेपर्यंत फोन तिनंही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.