मोरीच्या खिडकीतलं चक्र

काळाचौकीतल्या आमच्या चाळीला दोन वर्षांपूर्वी जी उडती तबकडी दिसत होती, ती मी आणत होतो.

एवढं एक वाक्य लिहायला मला दोन गणपती लागले. बोलणं मुळात माझ्याच्याने होत नाही. मंडळाचा सेक्रेटरी झालो तोही त्यामुळेच. सभेत जो तोंड उघडत नाही त्याच्या हातात इतिवृत्ताची वही देतात, आणि मग ती वीस वर्षं त्याच्याच हातात राहते.

तर, चक्र. आमच्या मंडळाच्या मूर्तीच्या डोक्यामागे दिव्यांचं एक फिरतं चक्र असतं. परातीएवढं. लाल, हिरवे, पिवळे दिवे आणि मागे छोटी मोटर. त्या वर्षी ऐन आरतीत ते अडकलं. देव बसलेले आणि चक्र नुसतं गुरगुरतंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. विसर्जनानंतर सामान माझ्या पोटमाळ्यावर ठेवायला आलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "शेठ, बंद ठेवलं की मोटर जाम होणारच. तेल घालून रोज पाच मिनटं चालवा." मी सांगितलेलं काम करणारा माणूस आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की चहाचं आधण ठेवायचं आणि चक्र मोरीच्या खिडकीत खिळ्याला अडकवून चालू करायचं. पहिल्या दिवशी बायको ओरडली, "अहो, डोळ्यांत घुसतंय माझ्या! त्याचं तोंड बाहेर करा." मी केलं.

बाहेर, मागच्या गल्लीपलीकडे, गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला होता. तिथे अजून कुणी राहायला आलं नव्हतं. त्यामुळे दिवेलागणीला त्याच्या काचा आणि आभाळ एकाच रंगाचे होत. हे सगळं मला आता सांगता येतंय. तेव्हा मी चहात आलं किसत होतो.

आमची चाळ काटकोनात आहे. दुसऱ्या बाजूच्या गॅलरीतून माझी खिडकी दिसत नाही, टॉवर मात्र पूर्ण दिसतो. त्या गॅलरीत टोकाच्या खोलीत काका राहतात. गोदीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, एकटे. चाळीत पाण्यावरून भांडण झालं तर दोन्ही बाजू म्हणायच्या, "काकांना विचारा." काका म्हणाले आठ बादल्या, तर आठच. त्यांच्याकडे तेवढंच होतं म्हणा ना, त्यांचा शब्द.

एका संध्याकाळी काकांनी खाली कट्ट्यावर येऊन सांगितलं, "टॉवरपाशी, हवेत, एक गोल वस्तू फिरते आहे. मी तीन दिवस पाहतोय. पाच मिनिटं थांबते, मग विझते."

कट्टा हसला. "काका, ड्रोन असेल." "काका, कुणाचा तरी हळदीचा कार्यक्रम असेल." आणि एक जण म्हणाला, "काका, डोळे तपासून घ्या एकदा."

तो एक जण मी होतो. वर्षातून एखादा विनोद करतो, तो असा.

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना मोतीबिंदू सापडला. त्या वयात सापडतोच.

काकांना ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच आठवड्यात बाकीच्यांनाही दिसायला लागलं. गॅलरीत गर्दी जमायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, ता बघ कसा फिरता हा! देवाचाच असतला काय तरी." मीही ऑफिसातून थेट तिकडे गेलो आणि सगळ्यांबरोबर अर्धा तास उभा राहिलो. काही नाही. कंटाळून घरी आलो, आधण ठेवलं, चक्र लावलं आणि पलीकडून आरडाओरडा झाला: "आलं! आलं!"

मी धावत गेलो. बटण बंद करून धावलो, विजेची नासाडी नको म्हणून. पोचलो तर काही नाही.

"सेक्रेटरी, तुम्ही पनवती आहात," एकाने सांगितलं. "तुम्ही आलात की जातं, गेलात की येतं."

तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बायकोला मोरीत उभं केलं, म्हटलं, बरोबर सात पस्तीसला बटण दाब. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. टॉवरच्या काळ्या काचेत, आभाळात लटकल्यासारखं, आमच्या बाप्पाचं चक्र संथ फिरत होतं. माझ्या शेजारी लोक हात जोडून उभे होते.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाका." मी म्हटलं, "उद्या."

उद्या मंडळाची तातडीची सभा लागली. ठराव झाला की नोंदवही ठेवायची. रकाने मीच आखले: तारीख, वेळ, दिशा, रंग, वेग, सही, शेरा. शेऱ्यात लोक वाटेल ते लिहीत. "नंबर प्लेट दिसली नाही." "नळाला पाणी आणि ही वस्तू एकाच वेळी येते, चौकशी व्हावी." "बिल्डरचा माणूस वरून खोल्या मोजतोय, कोणीही सही करू नये," आणि त्याखाली सही. एकाने सुचवलं की तबकडीतल्यांना गणेशोत्सवाची तारीख कळण्यात चूक झाली असावी, ते दर्शनालाच आले असावेत. त्यावर प्रसाद ठेवावा की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. ते सगळं मी लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात.

काकांचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते घरी आले त्या संध्याकाळी मी चक्र बंद ठेवू शकलो असतो. पण मग काका म्हणाले असते, डोळे साफ झाले आणि वस्तू गेली, म्हणजे मी भ्रमिष्टच होतो. मी दिवे पुसले आणि चक्र लावलं.

पलीकडून काकांचा आवाज आला. इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "चौदा दिवे आहेत! आता मोजता येतात!"

चौदाच आहेत.

यानंतर मी बंद करणं शक्यच नव्हतं. सुट्टी नाही, पाहुणे नाहीत. फक्त एका मंगळवारी मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, अँटॉप हिलला. बायको म्हणाली, "एक दिवस तबकडी नाही आली तर आभाळ कोसळणार नाही." चक्र पोटमाळ्यावर टाकून आम्ही गेलो.

बुधवारी वही उघडली. मंगळवार. वेळ सात पस्तीस. दिशा नैऋत्य. वेग मध्यम. पहिली सही काकांची. तिच्याखाली आणखी सात.

मी वही घेऊन तडक काकांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चक्र, मोटर, मोरी. आयुष्यात एवढं सलग बोललो नव्हतो. काकांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे मंगळवारी तू नव्हतास."

"नव्हतो."

"मंगळवारी मला काही दिसलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते रे. आजी विचारत होत्या, आला काय, आला काय. मी पेन घेतलं आणि सही केली. मग बाकीच्यांनी केल्या. मी केली म्हणून."

अख्ख्या नोकरीत त्या माणसाने न पाहिलेल्या कागदावर सही केली नव्हती.

त्यांनी लाल पेन काढलं. मंगळवारच्या आपल्या नोंदीवर पट्टीने एक रेघ मारली, बाजूला लिहिलं, "दिसले नव्हते. चुकीची सही केली," आणि खाली तारीख घातली. "खाडाखोड नाही करायची. माझं मी केलं. तुझं तू लिही."

मी हो म्हटलं. आणि लिहिलं नाही.

वही कट्ट्यावर उघडी असते. दोन दिवसांत चाळभर झालं: काकांनी खोटी सही केली होती, म्हणजे पहिल्यापासून काकाच लोणकढी सोडत होते. इतर सात जणांचं कुणी काढलं नाही. काकांना सांगितल्यापासून मी चक्र बंद केलं होतं, त्यामुळे पुरावाही संपला. पुढच्या वेळी पाण्यावरून भांडण झालं तेव्हा काका म्हणाले, "सहा बादल्या," आणि कुणीतरी हसून म्हणालं, "काका, वेग मध्यम होता ना?" काका आत गेले. नंतर ते भांडणाला बाहेर येईनासे झाले. मी तिथेच उभा होतो, हातात वही घेऊन.

यंदाच्या वार्षिक सभेत, आयत्या वेळच्या विषयात, मी उभा राहिलो. सगळे घाबरलेच. मी सगळं सांगितलं. काकांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, खोटा मी, हेही सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "सेक्रेटरी, बीपीची गोळी चालू आहे ना?"

"अहो, आमच्या डोळ्यांनी पाहिलंय," त्या सात सह्यावाल्यांपैकी एक म्हणाला. "बाप्पाचं चक्र आम्हाला ओळखता येत नाही होय?"

"डोळे तपासून घ्या एकदा," कुणीतरी मागून म्हणालं.

मी चक्र आणून मोरीत लावून दाखवलं. पण टॉवर आता भरलाय. घराघरात दिवे, पडदे, एका बाल्कनीत कपडे वाळत घातलेले. काचेत काहीही दिसलं नाही. आजी मात्र हळहळल्या, "खरा होता ता गेला."

ठराव झाला आणि तो मलाच लिहावा लागला: सेक्रेटरींनी केलेला खुलासा सभेने एकमताने फेटाळला.

लोक चहाला उठले तसे काका कोपऱ्यातून पुढे आले. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, "एकमताने" या शब्दावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "खुलासा खरा आहे." खाली पूर्ण सही केली, गोदीच्या कागदांवर करत तशी, शेवटी दोन टिंबांची. तिच्याखाली दुसरी सही नाही.

मग चष्मा वर करून त्यांनी ठरावाच्या वर मी लिहिलेला माझा खुलासा पहिल्यापासून वाचला.

"चक्राची वेळ साडेसात लिहिलीयस," म्हणाले. "सात पस्तीस. नीट कर."