झांज खाली घेताना

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्या पेठेतल्या देवळात स्पीकरवर ह्यांचं भजन लावलं होतं. ह्यांनीच रचलेलं, ह्यांनीच म्हटलेलं. पेटीही ह्यांचीच. झांज आणि ढोलकी मागाच्या कारखान्यातले जुने सोबती घरी येऊन वाजवून गेले होते. ते सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर हेच एकत्र बसवतात.

मी बायकांच्या रांगेत बेलाची पानं घेऊन उभी होते. भजन सुरू झालं आणि झांज कानात सुईसारखी घुसली. पुढच्या बाईने कानात बोट घातलं.

"अगं बाई, हे भजन हाय का कुणी पत्रा कापायला घेतलाय?"

तिच्या सोबतच्या बाया हसल्या. मी पदर पुढे ओढला. दुसरं कडवं यायच्या आतच भजन बंद झालं.

देवळाची व्यवस्था बघणारे काका भले आहेत. ह्यांना म्हणाले, "स्पीकर तापलाय हो. शेवटच्या सोमवारी परत लावू." ह्यांनी ते खरं धरलं. घरी येताना म्हणाले, "त्यांचा स्पीकरच बेकार. न्हायतर गाणं लई उठलं असतं." मी तशीही कमीच बोलते, त्यामुळे ह्यांना वेगळं काही वाटलं नाही.

कारखाना बंद पडल्यावर हे कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून असत. मुलाने पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, गाणं त्यात कसं भरायचं, म्हणजे रेकॉर्ड करायचं, ते शिकवलं, तेव्हा कुठे उठून बसले. शेवटच्या सोमवारीही भजन मधेच बंद केलं, तर ह्या वेळी ह्यांना खरं कळणार होतं. मग पेटी कायमची माळ्यावर गेली असती.

आमच्या बोळात घराघरात यंत्रमाग आहेत, दिवसभर खडखडतात. त्यांची सुट्टी असते त्याच दिवशी गाणं भरता येतं. भरलेलं जुळवायचं काम मात्र रोज दुपारी चाले. मी दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची आणि तेच कडवं पुन्हा पुन्हा ऐकायची. पडद्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते, ती वरखाली केली की आवाज लहानमोठा होतो. एक रेघ असते, तिच्या एका टोकाला जाड आवाज, दुसऱ्या टोकाला बारीक. हे कायम बारीक टोक वर ओढायचे. आणखी एक आवाज दाबायची कळ असते. तिने मोठा आवाज दबतो आणि हळू आवाज वर येतो. हे ती इतकी दाबायचे, की दोन ओळींमधला श्वासही गाण्याएवढा मोठा यायचा. सगळं एकाच जोरात, कारखान्यात असायचं तसं. ऐकून माझी मान आणि डोकं दोन्ही दुखायची. मुलगा फोनवर म्हणायचा, "अप्पा, झांज खाली घ्या, कान फाटतोय." हे म्हणायचे, "मोबाईलवर ऐकून तुला काय कळणार?"

त्या सोमवारनंतर दोन-तीन दिवसांनी ह्यांनी पुन्हा तेच लावलं आणि विचारलं, "आता?"

माझा हात आपोआप उचलला गेला. लग्नानंतर मी कारखान्यात डबा घेऊन जायची, तेव्हा मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नसे. तिथे सगळे हातांनी बोलत. ते मलाही येऊ लागलं होतं. मी तळहात पालथा करून हळूहळू खाली नेला.

"काय खाली घेऊ? पेटी?"

मी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले.

"झांज? अगं, ती आधीच ऐकू येईना की!"

मी पुन्हा हात खाली नेला. हे हसले. "पोरानं फितवलं व्हय तुला?"

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. लांबलचक. हे माझ्याकडेच बघत हसत होते, मान वळली नाही. मी स्वयंपाकघराकडे बोट केलं. ह्यांनी वळून पाहिलं. झाकणावर वाफ उडत होती.

"शिट्टी झाली?"

मी मान डोलावली.

ह्यांनी गाणं बंद केलं. मग विचारलं, "कवापासून?"

ते मलाही माहीत नव्हतं. ह्यांना बघायला सांगितलेलं दूध उतू जायचं, फोन वाजत राहायचा. लक्ष नसतं म्हणून मी चिडायची.

"बाकीच्यांना ठावं हाय?"

मी नाही म्हटलं.

"मग कुठला आवाज किती, ते तूच सांग. पण हातानं सांग. गाणं चालू असताना तोंडानं सांगशील तर मला ऐकवायला ओरडशील, आणि सारी गल्ली ऐकंल."

तेव्हापासून हे पडद्याकडे कमी आणि माझ्या हाताकडे जास्त बघू लागले. विडीचा धागा अर्धवट सोडून मी हात वर करायची, खाली करायची. बारीक टोक उतरवलं. दाब कमी केला, तसा श्वास मागे गेला आणि ढोलकी मोकळी झाली. विड्या कमी व्हायच्या, त्या भरून काढायला संध्याकाळी पुन्हा बसावं लागे. ते भजन मला नकोसं झालं होतं. झांज नीट बसली तेव्हा ह्यांनी कान स्पीकरला लावला आणि म्हणाले, "आता माझ्यापुरती झांज गेली."

"परत चढवा मग थोडी," मी म्हटलं.

"न्हाय. ऱ्हाऊ दे."

शेवटच्या सोमवारी भजन लावलं. मी रांगेतल्या बायकांच्या हातांकडेच बघत होते. कुणाचं बोट कानाकडे गेलं नाही. कुणी वाहवाही केली नाही. एकीने नुसता ठेका धरला होता, तोही गप्पा मारता मारता. भजन शेवटपर्यंत वाजलं.

हे पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून उभे होते. तिथून माझ्याकडे बघून ह्यांनी दोन्ही तळवे हळूच एकमेकांवर घासले आणि भुवया उंचावल्या.

मला चारचौघांत हात वर करायची लाज वाटते. तरी मी बेलाची पानं डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने सांगितलं, झांज वाजतेय.

मग घरी आलो. सकाळी भिजवलेली विडीची पानं तशीच वळायची राहिली होती.