पानात गुंडाळलेलं नाव

राजाची टिंगल करणारी कविता कोणाची, लिहिणाऱ्याची की पुढे देणाऱ्याची?

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आमचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला, तेव्हा पांढुर्ण्याच्या गाडीत मी समोरच्या अनोळखी म्हाताऱ्याला माझी हाताने लिहिलेली कविता दिली:

साहेबानं नकाशा उलटा धरला,
आमचा गाव भोपाळात शिरला.

तिगाव स्टेशनात संत्र्याच्या बहराचा वास डब्यात पसरला. म्हातारा डोळे मिटून त्याच ओळी गुणगुणत होता. तेवढ्यात हवालदार चढला. म्हाताऱ्याने कागदावरचं माझं नाव फाडलं, विड्याच्या पानात गुंडाळलं आणि शांतपणे चावलं.

हवालदाराने उरलेला कागद ओढून वाचला. "सरकारची टिंगल! कोणी लिहिली?"

"मले दुसऱ्यानं देल्ली, साहेब."

हवालदार गेल्यावर तो म्हणाला, "पूर्वी फ्रान्सच्या राजाची टिंगल करणाऱ्या कवितेच्या अशाच चिठ्ठ्या फिरत. धरलेला जो तो हेच सांगे, दुसऱ्यानं देल्ली. नाव गेलं तं जाऊ दे बाप्पा, तू तुरुंगात गेला तं लिहीन कोण?"

वाचकहो, या दोन ओळी आपल्या अक्षरात उतरवा, तिसरी तुमची जोडा आणि नाव न घालता शेजाऱ्याला द्या.