खरातकाकांची तीन रांगांची गाडी

कचेरीत फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की फाईल मागितली तर सापडत नाही आणि किस्सा न मागता समोर येतो. बदनापूरच्या आमच्या कचेरीत चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, ते खरातकाकांच्या गाडीचं सांगा." भाऊसाहेब म्हणजे मी. इकडे कचेरीतल्या प्रत्येक कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यात फुगण्यासारखं काही नाही. पण काकांचं सांगताना मात्र मी फुगतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

खरातकाका आमच्या साहेबांच्या सरकारी गाडीचे ड्रायव्हर. साहेब बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या, काका तेच. रिटायरमेंटला वर्ष राहिलं तेव्हा एक दिवस त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एक गाडी घ्यायची हाय. जुनी चालंल. पण तीन रांगांची पाहिजे. घरात आमी सात जण. जिंदगीभर लोकायला फिरवलं, घरची माणसं एकदा बी मी चालवलेल्या गाडीत बसली न्हाईत. एकदा समद्यायला संगं बसवायचं, बस."

आमच्याकडे गाडी बघायला एकट्याने जायची पद्धत नाही. त्याच दिवशी कमिटी ठरली. इंजिनाला काका, कागदपत्रांना मी आणि तिसऱ्या आमच्या आस्थापना शाखेच्या सुरडकर मॅडम. मॅडमना गाडीतलं काय कळतं, असं मीही तेव्हा विचारलं होतं. आता विचारत नाही.

*

'एकदा बी बसली न्हाईत' हे जरा जास्तच वाटलं, म्हणून काकांच्या घरी गेलो तेव्हा मी काकूंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच सांगितलं.

एकदा त्या फाट्यावर बसची वाट बघत उभ्या होत्या. ऊन मी म्हणत होतं, हातात दोन पिशव्या. तेवढ्यात काका साहेबांना सोडून रिकामी गाडी घेऊन आले. काकूंनी हात केला. काकांनी हॉर्न वाजवला आणि निघून गेले.

मी शेजारी बसलेल्या काकांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "सरकारी गाडी व्हती. मंग काय करणार? ओळख तर दाखवली."

"ओळख दाखवली म्हणूनच त्या दिवशी जेवायला वाढलं," काकू म्हणाल्या.

*

काकांचा एक नियम आहे. रिकाम्या गाडीवर निकाल द्यायचा नाही. "रिकामी गाडी खोटं बोलती. सात सीटची हाय ना, मंग सात माणसं बसवा. मंग ती तोंड उघडती."

भोकरदनला पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा आम्ही तिघं आणि गाडीचा मालक, असे चारच झालो. तीन कमी. काकांनी चहाच्या हॉटेलातून दोन गडी उचलले आणि बसस्टॉपवरच्या एका फेटेवाल्या आजोबांना म्हणाले, "बाबा, या, बसा." आजोबा काही न विचारता तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

काकांनी राजूरच्या रस्त्याला गाडी घातली. प्रत्येक गतिरोधकाला कान देऊन ऐकत होते. गाडी छान चालली होती. राजूर आलं तसे आजोबा मागून ओरडले, "इथं उतरवा," आणि खिशातून भाडं काढायला लागले! ते आम्हाला रोजची वडापची, भाड्याने माणसं नेणारी जीप समजले होते.

काकांनी भाडं घेतलं नाही. उलट दार उघडून विचारलं, "बाबा, गाडी कशी वाटली?"

"गाडी बराबर हाय," आजोबा म्हणाले, "पण मागं बसल्याव जीव घाबरला तर काच उघडत न्हाई. आमची रोजची जीप बरी. तिला मागचं दारच न्हाई."

मालकाने तीन वर्षं गाडी वापरली होती. मागची काच उघडत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं, कारण तो कधी मागे बसलाच नव्हता. पुढच्या स्क्रीनवर काय काय दिसतं ते मात्र त्याने आम्हाला दोनदा दाखवलं होतं.

*

जालन्यात एका डॉक्टरांची गाडी होती. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना, एवढीच चाललेली. डॉक्टर स्वतः सांगत होते, म्हणजे आम्हाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. आतून चकाचक. मी कागद बघितले, सगळे बरोबर.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. थेट मागे गेले, तिसरी सीट पाडली आणि फटीत हात घातला. बराच वेळ चाचपून मूठ बाहेर काढली.

"काय सापडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी मूठ उघडली. आत सोयाबीन. "डॉक्टरसाहेब, तुमचे पेशंट," काका म्हणाले.

डॉक्टर चांगला माणूस. आधी हसले, मग सांगून टाकलं, की सीझनमध्ये धाकटा भाऊ शेतावरून पोती भरून मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात नेतो. गाडी मागच्या बाजूला खाली का दबली होती तेही मग कळलं. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा कमिटीला बोलावणं पाठवलं. माझी कॉलर त्या आठवड्यात खाली आली नाही.

*

आता मॅडमचं.

गाडी बघायला गेलो की पुरुष मंडळी बॉनेटभोवती उभी राहतात. मॅडम त्यातल्या नव्हेत. त्या सरळ घरात जातात, स्वयंपाकघरात, चहाला मदत करायला. आणि चहा उकळेपर्यंत एकच प्रश्न विचारतात, "ताई, गाडीत तुम्ही कुठं बसता?"

बदनापूरलाच एक गाडी बघितली होती. मालक एसीबद्दल बोलून थकत नव्हता. तिसऱ्या रांगेपर्यंत कुल्फी गोठंल, असं त्याचं म्हणणं. काकांनाही गाडी आवडली होती. मॅडम चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "चला, निघू या."

"का हो?" मी विचारलं.

"वहिनी तिसऱ्या रांगेत बसतात," मॅडम म्हणाल्या, "ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन."

मालक बायकोकडे बघायला लागला. आमचा चहा तसाच राहिला. त्या घरात संध्याकाळी काय झालं असेल याची कमिटीने जबाबदारी घेतली नाही.

*

काकांचा मुलगा गणेश स्टीलच्या कंपनीत आहे. आम्ही गाड्यांवर गाड्या नापास करतोय हे बघून तो वैतागला. म्हणाला, "आबा, जुनीचा नाद सोडा, नवी घेऊ." म्हणून एकदा शोरूमलाही गेलो.

तिथल्या मुलीने फार छान माहिती दिली. छत उघडतं, आरसे मिटतात, गाडी बोलते. काका सगळं ऐकत होते. मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी जरा मागं बसा."

मी बसलो. म्हणजे शिरलो. गुडघे छातीला लागले. काकांनी मधली सीट खटकन मागे लोटली, दार लावलं आणि त्या मुलीला म्हणाले, "चला ताई, चहा घेऊ."

आत एक खटका असतो म्हणतात. तो ओढला की मधली सीट पुढे सरकते. मला तो सापडला नाही. शोरूममध्ये आलेली दोन लहान मुलं काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. त्यांची आई त्यांना ओढून घेऊन गेली, ते बरं झालं.

काका चहा पिऊन निवांत परत आले. दार उघडलं. "आता सांगा भाऊसाहेब, कशी हाय?"

मी जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. गणेशने नवीचं नाव परत काढलं नाही.

*

अशात दहा महिने गेले. जगाच्या गाड्या पास करणारा माणूस स्वतःची पास करीना. लोक विचारायला लागले, की काकांना खरंच घ्यायची आहे ना? मलाही काळजी वाटायला लागली. रिटायर झाल्यावर हात थरथरायला लागले, डोळे गेले, तर मग गाडी घेऊन करायची काय? ते सात जण एकत्र बसायचं तसंच राहील.

मग संभाजीनगरच्या रस्त्यावर एका विक्रेत्याकडे पांढरी गाडी दिसली. ती बघताच आम्ही जवळ गेलो. सीट नव्या, मॅट नव्या, आत अत्तराचा वास. काकू त्या दिवशी सोबत होत्या. त्यांनी पदराने हात पुसला आणि मग गाडीला लावला. काकांनी ते बघितलं. सात माणसं बसवून फेरी मारली, गाडी लोण्यासारखी चालली. मला वाटलं, झालं आपलं काम.

शेवटी काका मागे गेले. तिसऱ्या रांगेतला सीटबेल्ट धरला आणि ओढायला लागले. ओढला, ओढला, पार शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ होती, वाळलेली. गाडी कधीतरी पुरात उभी राहिली होती. सगळं बदललं होतं, धुतलं होतं, पण मागचा बेल्ट शेवटपर्यंत कोण ओढतो?

"इतकं कुणी बघत न्हाई, काका," विक्रेता हळूच म्हणाला.

"मागं माझी नातवंडं बसणार हायेत," काका म्हणाले. बेल्ट हळूहळू आत जाऊ दिला आणि बाहेर आले.

परतताना बसने आलो. बदनापूर जवळ आलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पांढरा रंग लवकर मळतो." मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

*

जालन्याचे एक गुरुजी निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला चालले होते. त्यांची गाडी होती. आम्ही पोचलो तर त्यांनी हातात कागद ठेवला. वर शीर्षक, 'गाडीतील दोष'. खाली सुवाच्य अक्षरात नऊ कलमं. डावं दार घासलेलं, मागचा एसी मंद, गतिरोधकावर उजवीकडे खट्ट आवाज.

काकांनी दोन तास गाडी तपासली. दहावा दोष सापडेना. मॅडमनी स्वयंपाकघरात विचारलं, तर गुरुजींच्या पत्नीने तीच नऊ कलमं तोंडपाठ सांगितली.

तरी काका अडले. "तो खट्ट आवाज काय पटत न्हाई."

शेवटची तपासणी म्हणून गाडी काकांच्या दारात आणली आणि घरचेच सात जण बसवायचं ठरलं. काका, काकू, गणेश, सूनबाई, दोन नातवंडं आणि काकांची माय. मायचं वय कुणालाच माहीत नाही, मायलाही नाही. तिला मधल्या रांगेत खिडकीपाशी बसवलं, पाठीला उशी लावून. सगळं काकांनी आधीच ठरवलेलं.

माय म्हणाली, "मला मागं बसव."

"माय, मागं हादरे बसतेत."

"बसू दे. मला मागं बसव."

आता मायपुढे कोण बोलणार? काकांनी लेकरासारखं उचलून तिला तिसऱ्या रांगेत ठेवलं. नातवंडं मधे आली. गाडी गल्लीतून चक्कर मारून आली, खट्ट आवाजासकट.

"बसले का हादरे?" काकांनी विचारलं.

माय पुढच्या सगळ्या डोक्यांकडे बघत होती. म्हणाली, "हितून समदे दिसतेत."

काकांनी तिथल्या तिथे गुरुजींना फोन लावला.

*

काका रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी कचेरीच्या आवारात आणली. सगळ्यांना दाखवायची होती. साहेब खाली उतरले. मॅडमनी गाडीला हळदीकुंकू लावलं, मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे दोन्ही बाजूंना उभे होते. या आवारात काकांनी हजार वेळा दुसऱ्यांसाठी दार उघडलं असेल. त्या दिवशी साहेबांनी पुढे होऊन काकांसाठी दार उघडलं. काका लाजले, पण बसले. माझा ऊर भरून आला, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

शेजारी काकू, मधे सूनबाई आणि नातवंडं, मागे माय आणि गणेश. सगळे सात. काकांनी आरसा नीट केला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. लिंबं फुटायची वाट बघत आम्ही टाळ्यांसाठी हात वर केले.

गाडी हलेना.

पाच मिनिटं झाली असतील. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसलेले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गिअर अडकला, किंवा काकांना बरं वाटत नाही. मी धावत खिडकीपाशी गेलो.

"काका, काय झालं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. हळूच, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाले, "भाऊसाहेब, कुठं जायचं ते कुणी सांगितलंच न्हाई."

काकूंना ऐकू गेलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि समोर बघत म्हणाल्या, "आज तुमीच सांगा."

लिंबं फुटली. गाडी गेटपर्यंत गेली आणि थांबली. डावा इंडिकेटर लागला, जालन्याकडचा. थोड्या वेळाने बंद झाला. मग उजवा लागला.