साहेबांनी भरलेला रकाना

…तर काल सांगत होतो ना, लिफ्ट सांभाळणाऱ्या बाईनं दवाखान्याच्या नव्या लिफ्टची चाचणी घ्यायला माणसांच्या वजनाची वाळूची पोती आत रचायला लावली, तिथून पुढं ऐका. लिफ्ट खाली सोडली, मध्येच ब्रेक लावला. जागच्या जागी थांबायची ती वीतभर घसरून थांबली. बाईनं पट्टी लावली. नऊ इंच! पुन्हा सोडली, पुन्हा नऊ इंच.

आणि उद्घाटन दुसऱ्याच दिवशी! व्यवस्थापक साहेब घाम पुसत आले.

"ताई, टाका लिहून, ठीक आहे म्हणून."

"पण ठीक नाहीये, साहेब."

"खोटं लिहा असं कुठं म्हणतोय मी? जरा सांभाळून घ्या."

"कुणाला? पोत्यांना की पेशंटना?"

पोती वाहणारे हमालदादा फिसकन हसले. साहेबांचा पारा चढला. "तुम्ही अजून कायम नाही झालात, विसरू नका. शिफारस माझ्याच हातात आहे."

हे मात्र वर्मी बसलं. सहा वर्षं बाई हंगामी. सासूबाई रोज दारातच विचारायच्या, "आलं का गं पत्र?" पेन क्षणभर थबकलं.

आणि मग काय केलं पठ्ठीनं! चाचणीच्या रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: 'ब्रेक नऊ इंच घसरतो. व्यवस्थापक म्हणतात, जरा सांभाळून घ्या.' रजिस्टर साहेबांपुढं सरकवलं. "शब्द तुमचेच. खाली सही करा, लगेच सुरू करते."

साहेबांनी वाचलं. तोंडात लोण्यासारखा वाटलेला शब्द कागदावर भलताच टोचायला लागला.

"असं नाही हो… 'तडजोड' म्हणा."

बाईनं तेही लिहिलं.

"'थोडं पुढं-मागं' म्हणा."

तेही लिहिलं. एव्हाना दोन नर्सबाई डोकावून वाचायला लागल्या होत्या. साहेबांनी सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं आणि लिफ्ट कंपनीला फोन फिरवला.

दुपारी कारागीर आला, ब्रेक बदलला. संध्याकाळी तीच पोती, तीच लिफ्ट. खिळा ठोकल्यासारखी थांबली! मगच बाईनं सही केली. उद्घाटन ठरल्या वेळी झालं.

त्या दिवशी दवाखान्याच्या बड्या डॉक्टरांनी, म्हणजे साहेबांच्याही साहेबांनी, रजिस्टर चाळलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईच्या शिफारशीवर त्यांनी स्वतःच सही ठोकली. महिन्याभरात पत्र आलं आणि सासूबाईंनी ते सगळ्या आळीला वाचून दाखवलं.

पत्र मिळाल्यावर बाई आभार मानायला गेली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला एकदाही सांभाळून घ्यावंसं वाटलं नाही?"

बाई म्हणाली, "वाटलं ना, डॉक्टर! पण सगळा रकाना साहेबांनीच भरून टाकला, माझी सबब लिहायला जागाच कुठं उरली होती?"