युसूफचाचांची बंदूक

निवडणुकीची आचारसंहिता लागली की युसूफचाचा पहिल्याच सकाळी आपली दुनळी बंदूक चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे. बाकीचे परवानाधारक नोटिशीची वाट पाहत. चाचा म्हणत, "बंदूक ठान्यात असली का मले मस्त झोप लागते."

परतवाड्याकडे त्यांची संत्र्याची बाग, शेजारी हरभरा. रानडुकरं रातोरात हरभरा उकरून टाकत, म्हणून वडिलांच्या काळापासून परवाना होता. एका वर्षी त्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं, बंदूक जमा झाली, आणि चाचा अपिलासाठी राजापेठेतल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. त्याच सुमारास एक पुढारी गावोगाव सांगत फिरत होता की बंदूक हा शेतकऱ्याचा हक्क आहे. सभेत तो चाचांना शेजारी बसवायचा. चाचा मान खाली घालून बसत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते पुन्हा ऑफिसात आले.

"बाई, अपील मागं घ्या."

"काय झालं, चाचा?"

"काल पहाटे बागेत गेलो. असं धुकं, का झाडं पान्यात उभी हायेत असं वाटे. हरभऱ्यात काईतरी काळं हाललं. माहे हात आपोआप वर आले. खांद्याशी बंदूक नाई, तरी मी नेम धरला. बोट बी दाबलं. मंग ते काळं उभं राह्यलं. घोंगडी पांघरून शांता वासरू शोधून राह्यली होती."

शांताबाई म्हणजे त्यांच्या बांधालगतची शेतकरीण.

मी समजावलं, "कायद्यात बंदूक ही परवानगी आहे, हक्क नाही. पण जगण्याचा हक्क घटनेनं दिलाय, आणि स्वतःचा जीव वाचवणं त्यात येतं. मी तोच मुद्दा मांडणार आहे. आपण जिंकू."

"कोनाले देल्ला तो हक्क?"

"प्रत्येकाला."

"मंग शांताले बी देल्ला असन," ते हळूच म्हणाले.

मी अपील मागं घेतलं. पुढारी पुन्हा त्यांच्या घरी फिरकला नाही. त्या वर्षी डुकरांनी निम्मा हरभरा खाल्ला. चाचांनी तारेचं कुंपण घातलं आणि उरलेला राखला.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी भेटायला गेले तेव्हा अंगणात शांताबाई बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "लय साधा मानूस होता, बाई. पन एका हिवाळ्यापासून मी दिसली का त्याचे डोळे काऊन भरून येत, ते समजलंच नाई."

मी तिच्याजवळ बसले.