शेवटचं गिऱ्हाईक

आज सूनबाईच्या हातून दूध करपलं आणि त्या वासाने मला बोळिंजच्या जुन्या फ्लॅटमधल्या डबा कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवलं. पोराच्या गेममधलं हॉटेल मी चालवत होते. शेवटची लेव्हल त्यालाही जमली नव्हती. टेबलं भरलेली, गिऱ्हाईकं रागाने लाल झालेली.

“अगं, दूध करपतंय!” आमचे हे ओरडले.

“गॅस तुम्हीच बंद करा. माझं एक गिऱ्हाईक राहिलंय.”

लग्नानंतर पहिल्यांदाच मी असं बोलले. हे स्वयंपाकघरात गेले. शेवटच्या टेबलावर आइस्क्रीम पोचलं, पडद्यावर फटाके उडाले, पोराने शिट्टी मारली.

पातेलं ह्यांनीच घासलं. मी उठलेच नाही. गेमच्या गुणांच्या यादीत, पोराच्या नावाच्या वर, एकेक अक्षर शोधत, माझं नाव टाइप करत होते.